गैरसोय

'पाणी येणार नाही. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' नांदेडला आमच्या गल्लीत ही पाटी लागली की माझं डोकं फिरतं. सोय म्हणजे पाहुण्याला चटई टाकणं, टेकायला उशी देणं. तिला अरबी 'गैर' जोडला की गैरसोय. उशी नसली तर गैरसोय म्हणा, खुशाल म्हणा. पाणी नसणं त्यात कुणी घुसडलं?

लातूर नवा जिल्हा झाला, त्या सुमाराचा दुष्काळ. शिरूर अनंतपाळकडच्या आमच्या गावात टँकर येई आणि गावच्या विहिरीत रिकामा होई. आधी गावाच्या घागरी भरायच्या, मग आमच्या. आम्ही पोहरा टाकायचा नाही, कुणी वरून ओतलं तर घ्यायचं. आम्ही बौद्ध होऊन किती वर्षं झाली होती, विहिरीला मात्र ते कळलं नव्हतं. मायला टँकर थेट आमच्या वस्तीवर हवा होता.

ती मला घेऊन लातूरला गेली. पाण्याच्या कचेरीबाहेर लिंबाखाली एक म्हातारे चाचा अर्ज लिहून देत. त्यांना शब्दांचा नाद होता. "जिल्हा म्हणजे अरबीत बरगडी, बेटी," ते म्हणाले.

"मग नवा जिल्हा आमच्या अंगावरच हाय की," माय म्हणाली.

चाचांनी अर्ज वाचून दाखवला: 'पाण्याअभावी आमची फार गैरसोय होत आहे.'

"गैरसोय न्हाई चाचा. तहान लिव्हा."

"दफ्तरात असंच लिहितात, बेटी."

"दफ्तराला तहान लागत न्हाई म्हणून."

चाचांनी शब्द खोडून तहान लिहिली. आत कारकुनानं अर्ज पाहिला आणि परत सरकवला. "तहानबिहान चालत नाही बाई. गैरसोय लिहून आणा."

कोपऱ्यात तिवईवर ओलं फडकं गुंडाळलेला माठ होता. माय सरळ गेली आणि तिनं तो उचलून कमरेवर घेतला.

"अहो, काय करता!"

"काई न्हाई साहेब. सांजपतोर तुमची जराशी गैरसोय हुईल."

कारकुनानं झटकन शिक्का मारला. मायनं माठ जागेवर ठेवला.

आठ दिवसांनी टँकर वस्तीवर आला. सगळी वस्ती अजून त्याचंच कौतुक सांगते. मला आठवतं ते वेगळंच. आम्ही दाराबाहेर पडतोय तोच शिपायानं तो भरला माठ बाहेर आणून मातीत ओतला. मायचा हात लागला होता त्याला.