आमच्या घरची इंग्रज पुण्यतिथी

आमच्या घरी दरवर्षी एका इंग्रज ड्रमरची पुण्यतिथी पाळली जाते.

हा ड्रमर आमचा कोणी लागत नाही. (त्यालाही आमची कल्पना नसणार.) कॉलेजात असताना मला रॉक संगीताचं वेड लागलं, आणि तेव्हा रत्नागिरीत हे वेड असलेला मी बहुधा एकटाच असल्यामुळे ते उतरवायला कोणी आलं नाही. त्या वेडात मला एका तारखेचा शोध लागला. निरनिराळ्या वर्षी, पण त्याच तारखेला, चार पोरांचा एक बँड पहिल्यांदा स्टेजवर चढला, एका गिटारवाल्याने भर कार्यक्रमात चांगली धडधाकट गिटार आपटून फोडली, जगभर गाजलेली एक रेकॉर्ड बाजारात आली, आणि माझा लाडका ड्रमर गेला. त्या दिवशी आपण मासे खायचे नाहीत, असं मी ठरवून टाकलं. रत्नागिरीत याहून मोठं दुःख कसं दाखवतात, मला माहीत नाही.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी आमच्या हिने, सुनंदाने, ताटात सुरमई वाढली आणि मी हात मागे घेतला. आज माझा माणूस गेला, एवढंच म्हणालो. पुढे तो माणूस कोण हे तिला कळलं तेव्हा ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. त्याच्या घरी कावळ्याला घास कोण ठेवणार, म्हणाली आणि दरवर्षी वडे, खीर, वरणभात करून अंगणाच्या दगडी गडग्यावर पान ठेवू लागली! हॉलमधल्या त्याच्या फोटोला हार घालायचंही तिनेच सुरू केलं. फोटो मी जुन्या मासिकातून कापलेला. खांद्यापर्यंत केस, उघडी छाती आणि सगळ्या जगाचा वैताग आलेला चेहरा.

यंदा ती तारीख रविवारी आली. सकाळी लांज्याहून अप्पांचा फोन. आरे-वारेच्या किनाऱ्यावर फिरायला निघालोच आहोत, तर दुपारी तुमच्याकडे येऊन बोलणी उरकून टाकू. अप्पा म्हणजे निखिलचे वडील, काजूचे व्यापारी. निखिल आणि आमची केतकी यांचं केव्हाच जमलेलं. अडलं होतं ते फक्त अप्पांच्या होकारावर, आणि अप्पा दिवस-वार पाहिल्याशिवाय केसही कापून घेत नाहीत अशी त्यांची ख्याती.

मी पिशवी घेऊन मासळी बाजाराकडे निघालो, तर सुनंदा दारात आडवी. आज या घरात मासे शिजणार नाहीत. मी म्हटलं, अगं, पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे, ड्रमर समजून घेईल. ती ढिम्म हलली नाही. माझ्या दुःखाची माझ्यापेक्षा जास्त काळजी घेणारी बायको मला मिळाली, याचा त्या दिवशी पहिल्यांदा पश्चात्ताप झाला.

अप्पा, त्यांची बायको आणि निखिल पानावर बसले. रविवारची दुपार, रत्नागिरीतलं घर आणि पानात वरणभात! अप्पांचा चेहराच उतरला. सुनंदाने सरळ सांगून टाकलं, "आज ह्यांच्या माणसाची पुण्यतिथी असते."

"कोण हो?" अप्पांनी विचारलं.

"थोरला भाऊ," मी म्हणालो. (मी एकुलता एक आहे.) सुनंदाच्या हातातला डाव वरच्या वर थांबला.

अप्पांनी फोटोकडे बघून हात जोडले. फारच गोरे होते, म्हणाले. आमच्या आईवर गेला होता, मी म्हटलं. काय करायचे? वाजवायचे. भजनात का, असं निखिलच्या आईने विचारलं. मी म्हटलं, तसंच काहीसं, पण बाहेरगावचे कार्यक्रम फार. कशाने गेले? तब्येतीकडे लक्ष नव्हतं. अप्पांनी समजून मान हलवली. माझ्या कल्पनेपेक्षा हे बरंच बरं चाललं होतं.

तेवढ्यात अप्पा हात धुऊन म्हणाले, "मग आज बोलणी नकोत. सख्ख्या भावाचा दिवस. पुढचं पुढे बघू."

हे 'पुढचं पुढे' कधी येत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. केतकीचे डोळे भरून आले. ते मला बघवेना.

"अप्पा, मला भाऊच नाही," मी म्हणालो. "तो एक इंग्रज ड्रमर आहे."

मग सगळं सांगितलं. केतकीही पुढे सरसावली, आजच्या तारखेला रॉक संगीतात किती शुभ घटना घडल्या ते तिने घडाघडा म्हणून दाखवलं. बँडचा पहिला कार्यक्रम झाला, रेकॉर्ड आली. फुटलेली गिटार पोरीने हुशारीने गाळली.

अप्पांनी आपल्या पानाकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे सुतक नाय, काय नाय, आणि मला रविवारी खीर?"

निखिल एव्हाना मोबाइल घेऊन फोटोपाशी उभा होता. "काका," तो दबकत म्हणाला, "ड्रमर गेला ते खरं आहे. पण हा त्याच्या बँडमधला गिटारवाला. हा जिवंत आहे. मागच्याच महिन्यात कार्यक्रम केलाय." मूळ फोटोत चौघे होते. ड्रमर म्हणून मी त्यातला सगळ्यांत दुःखी दिसणारा निवडून कापला होता.

"अगो बाई!" सुनंदा ओरडली. "जित्या माणसाचं पान ठेवत होते मी?" आणि तिने आधी फोटोचा हार काढला.

अप्पांना हसू आवरेना. डोळे पुसत बायकोला म्हणाले, "ओळख ना पाळख, आणि एवढी वर्षं ही माणसं त्याच्यासाठी मासे सोडतात. आपली सून इथलीच होऊ दे." साखरपुड्याचा दिवस तिथेच ठरला.

आता अप्पांचा दर रविवारी फोन येतो. व्याह्यांची विचारपूस नाही, तब्येत नाही. पहिला प्रश्न एकच, "काय, भाऊ बरे आहेत ना?" मी आधी मोबाइलवर खात्री करतो आणि मगच 'बरे आहेत' म्हणतो.