बसून काय करू?

माझ्या वडिलांना वाट बघत बसता येत नसे. मी अमरावतीला पॉलिटेक्निकच्या वसतिगृहात होते तेव्हा ते दर पंधरा दिवसांनी पहिल्या एसटीनं भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन यायचे. पुरुषांना फाटकाच्या आत पायरीपर्यंतच येऊ देत. मला निरोप मिळून मी खाली येईपर्यंत अर्धा तास सहज जाई. तेवढ्यात बाबा धोतर खोचून वसतिगृहाच्या बागेतलं गवत काढायला लागलेले असत. एकदा माझ्या मैत्रिणीनं खिडकीतून विचारलं, “नवा माळी ठेवलाय का गं?” मी “असेल” म्हटलं आणि ती जाईपर्यंत वरच थांबले. खाली गेले तेव्हा बाबांनी गवताचा ढीग एका कडेला लावून हात धुतले होते. “तुम्ही कशाला हे करता?” मी चिडून विचारलं. ते म्हणाले, “मंग बसून काय करू?”

मोर्शीजवळच्या आमच्या खेड्यात त्यांची पाच एकर कोरडवाहू जमीन होती आणि मी एकुलती एक मुलगी. पोरीला एवढं शिकवून काय करणार, असं भावकीत कुणी म्हटलं की ते वाद घालत नसत. “शिकते तं शिकू द्या,” एवढंच म्हणत आणि वखराकडे वळत. माझ्यावर ते कधी ओरडले नाहीत. कौतुकही कधी केलं नाही. मला भोपाळला नोकरी लागल्याचं पत्र मी वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं आणि उठून बैलांना पाणी दाखवायला गेले.

लग्नानंतर आम्ही भोपाळच्याच सोनागिरी वस्तीत घर केलं. माझा नवरा अविनाश इथल्याच कारखान्यात तपासनीस होता. त्याचं घराणं पुण्याकडचं, बोलणं शुद्ध, वागणं नेटकं. आईबाबा पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा बाबांनी गावाहून दोन बाटल्या पाणी आणलं होतं, कारण लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही. आई गेल्यावर मी त्यांना न्यायला गेले, तेव्हाही हाच प्रश्न आला. “काम देशील तं येतो,” ते म्हणाले. “काम करीन तं पानी पेईन.”

मग ते आले आणि पहाटे पाचला अंगण झाडू लागले. कुंपणालगतच्या हातभर जमिनीत त्यांनी अंबाडी आणि मिरची लावली. समोरच्या पांडेबाई म्हणायच्या, “दादाजी, आप बैठिए ना, इस उमर में!” त्यावर बाबा त्यांच्या हिंदीत उत्तर देत, “बैठके क्या करना, बाई?” आणि अंबाडीची जुडी त्यांच्या हातात ठेवत.

अविनाशला मात्र हे सगळं जड जात होतं. घर दोन खोल्यांचं, बाबांची खाट बाहेरच्या खोलीत. त्यांचं पहाटेचं खाकरणं, नळाखाली उघड्यावर अंघोळ करणं त्याला खटके. त्यांच्या “पानी”वर तर तो हटकून मान वर करून म्हणे, “पाणी, मामाजी. पाणी.” एका संध्याकाळी त्यानं स्वयंपाकघरात मला विचारलं, “अजून किती दिवस आहेत ते?” मी तव्यावरची पोळी उलटली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी पिशवी भरली होती.

“जवाई चुकीचं काई बोलले नाई,” ते म्हणाले. “त्याहिचं घर हाये.”

मी त्यांना अडवायला हवं होतं. मी स्टेशनवर पोहोचवायला गेले.

त्यानंतर चार महिन्यांनी अविनाश न्हाणीघरात पडला. मेंदूत गुठळी झाली होती. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी गावी फोन केला तेव्हा मला नीट बोलताही येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी एकोणऐंशी वर्षांचे बाबा दारात उभे होते. त्यांनी चपला काढल्या, माठातलं पाणी स्वतः घेऊन घटाघटा प्यायलं आणि विचारलं, “कुठं हायेत जवाई?”

अविनाशला दवाखान्यातून घरी आणल्यावर व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. बाबा तिच्या हातांकडे टक लावून बघत. आठवड्याभरात त्यांनी सगळं उचललं. मी ऑफिसला गेले की दिवसातून चार वेळा ते अविनाशचा हात-पाय हलवून घेत. महिन्याभरानं त्यांनी त्याला समोरच्या मैदानात न्यायला सुरुवात केली. स्वतः त्याच्या अधू बाजूला राहून, कमरेला हात घालून. “नव्या गोऱ्ह्याले वखराले जुंपलं तं पहिल्या दिशी एकच फेरा देत असतात,” ते म्हणायचे. “आज त्या खांबापावतर. उद्याचं उद्या पाहू.”

अविनाशला हे सहन होत नसे. एकदा त्यानं डाव्या हातानं चहाचा कप भिरकावला. बाबांनी तुकडे वेचले. मी रडायला लागले तर म्हणाले, “राग आला म्हनजे अंगात जीव हाये. रडू नको.”

ते त्याच्याशी दिवसभर बोलत असत. पिकांबद्दल, बैलांबद्दल, माझ्या आईच्या तापट स्वभावाबद्दल. अविनाश भिंतीकडे बघत राही. एका रविवारी मी कणीक मळत होते. बाबा पेला त्याच्या ओठांशी नेत म्हणाले, “घ्या, पानी घ्या.” अविनाशचा चेहरा आक्रसला. ओठ दोनदा हलले.

“पा... णी,” तो म्हणाला.

मी कणकेच्या हातानं धावत आले. बाबा गंभीरपणे त्याच्याकडे बघत होते. “पानी,” ते पुन्हा म्हणाले. “पा-णी!” अविनाशनं अधिक जोरात सांगितलं, आणि मग त्याला हसू आणि रडू एकदमच आलं. नंतर मी बाबांना विचारलं, “तुम्ही मुद्दाम केलंत ना?” ते म्हणाले, “मले तो णबाणाचा येतेच कुठं?” खरं काय ते मला आजही माहीत नाही.

अविनाश काठीशिवाय चालायला लागायला दीड वर्ष गेलं. बाबांनी गावी जायचं नाव काढलं की तोच रुसून बसे. पुढची सात वर्षं दोघं रोज सकाळी मैदानाला फेऱ्या मारत. हळूहळू कोण कुणाला धरून चालतंय ते कळेनासं झालं.

अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, डिसेंबरात, चार दिवसांच्या तापानं बाबा गेले. छाती भरलीय हे त्यांनी आम्हाला फार उशिरा सांगितलं. त्या एका गोष्टीचा राग माझ्या मनातून जात नाही. शेवटच्या दुपारी दवाखान्यात मी त्यांच्याजवळ बसून ते वसतिगृहातलं सांगितलं. मैत्रिणीला मी काय म्हणाले ते. ते डोळे मिटून ऐकत होते. “मले तवाच ऐकू आलं होतं,” ते म्हणाले. “खिडकी उघडीच होती. लहान होती तू.” मग माझा हात त्यांनी हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

अग्नी मी दिला. तेराव्याला गावाहून भावकी आली. पानं मांडली, सगळे बसले. बाबांचा पुतण्या उसासा टाकून म्हणाला, “बिचाऱ्या काकाले अखेरीले जवायाच्या घरी दिवस काढा लागले.”

अविनाश वाढत होता. वरणाचं भांडं त्यानं खाली ठेवलं. त्याला अजूनही शब्द जुळवावे लागतात.

“तसं... नाही,” तो म्हणाला. “मी... पडलो होतो. त्यांनी... मला... सांभाळलं. सगळं. मुलासारखं.”

एवढं बोलायला त्याला खूप वेळ लागला. तोपर्यंत पंगतीत कुणीही पानाला हात लावला नव्हता.