चाकाची भेग

घरात तिला भिंगरी म्हणत. एका जागी दहा मिनिटं बसली तर शपथ. तीन नोकऱ्या सोडून तिने कॅमेरा हातात घेतला, तेव्हा आई म्हणाली, "चला, निदान फोटो काढताना तरी उभी राहील!"

तेही झालं नाही. तिला नाद लागला जुन्या यंत्रांचे फोटो काढायचा, तोही अंधारात. कॅमेरा स्टँडवर लावायचा, शटर पाच मिनिटं उघडं ठेवायचं आणि काळे कपडे घालून, टॉर्च घेऊन यंत्राभोवती फिरायचं. उजेड जिथून फिरेल तेवढंच फोटोत उमटतं.

बंद पडलेली कागद गिरणी भंगारात निघाली, तेव्हा नव्या मालकाने तिथल्या वाफेच्या इंजिनाचे फोटो काढायला तिला तीन दिवस दिले. त्याच इंजिनावर तिच्या बाबांनी फिटर म्हणून बावीस वर्षं काढली होती. शेवटी शेवटी त्यांनी सांगितलं होतं, मोठ्या चाकाला भेग आहे, इंजिन थांबवा. सुपरवायझरने भेग नाही असं लिहून दिलं आणि अफवा पसरवतो म्हणून बाबांना काढून टाकलं. पुढे चार वर्षं ते चाक बिनबोभाट फिरत राहिलं. लोक हसले. बाबांनाही वाटू लागलं, आपल्यालाच भास झाला.

खिडक्यांना ताडपत्र्या लावून तिने भरदिवसा अंधार केला. दोन दिवस फोटो सपाट येत होते. चिडून तिसऱ्या दिवशी ती चाकाखाली सरपटली आणि टॉर्च कडेला टेकवून तिरपा उजेड मारला. फोटोत रंगाखालून एक वाकडी रेघ वर आली होती. तिच्यावर शर्टाच्या गुंड्यांसारखे ओळीने गोल उंचवटे.

रात्री जेवताना तिने तो फोटो बाबांपुढे धरला. त्यांनी चष्मा पुसला, परत लावला.

"खिट्ट्या ठोकून सांधलंय हे. वरून लांबीची पुट्टी भरून रंग मारलाय."

"म्हणजे भेग होती!"

बाबा ताटावरून उठले. दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले.

"बाबा, आता तरी शांत व्हा."

"शांत कसला होतोय! इतकी वर्षं मी मलाच खोटं ठरवलं."

दुसऱ्या दिवशी दोघं सुपरवायझरच्या घरी गेले. म्हातारा आता काठीवर आला होता. त्याने फोटो पाहिला.

"बस ना."

"बसायला नाही आलो, साहेब."

"भेग होती," तो हळूच म्हणाला. "तुला काढलं आणि आठवड्यात सांधून घेतली. पण लिहून दिलेलं मागे कसं घेणार?"

"मला एकट्याला तरी सांगायचंत."

बाबांनी फोटो उलटा करून पेन पुढे केलं. म्हाताऱ्याने लिहिलं, "भेग होती," आणि खाली सही केली.

"मिटलं ना आता?" घरी आईने विचारलं.

"छे!"

सकाळी चहा अर्धा टाकून बाबा मुलीच्या स्कूटरवर मागे बसले. जुन्या सोबत्यांपैकी एकूण एकाला फोटो दाखवायचा होता. पहिला रडला. दुसऱ्याला गिरणीच आठवेना. तिसऱ्याच्या दाराला कुलूप होतं.

"थांबू या का थोडं?" तिने विचारलं.

"नको. पुढच्याकडे घे," बाबा म्हणाले.