उताराचे सोयरे

गोंदियाजवळच्या गोरेगावच्या जागेश्वरभाऊंची माणसं पारखायची रीत सोपी होती. ज्याच्या दारापुढे उतार, तो माणूस दिलदार. ज्याचं अंगण सपाट, त्याचा स्वभाव जरा तऱ्हेवाईक. तोंडानं ते असं कधी बोलले नाहीत. पण त्यांची जुनी पांढरी कार किल्लीनं सुरू व्हायची बंद झाली आणि त्यांचा सगळा गोतावळा हळूहळू उताराच्या दिशेनं सरकला, एवढं खरं.

किल्ली फिरवली की बॉनेटखालून 'टक' असा एक आवाज यायचा. बस. हॉर्न असा की बांधावरची म्हैस दचकावी, दिवे लख्ख, पण इंजिन ढिम्म. उतारावर मात्र गाडी सोडली आणि दुसऱ्या गिअरात टाकून क्लच सोडला, की गुरगुरत चालू. भाऊंचं बारदान्याचं दुकान होतं, थोडी धानाची शेती होती, आणि हट्ट भरपूर होता. त्यांनी गाडी सोडून बाकी सगळं दुरुस्त केलं. घरापुढे मुरूम टाकून चढ करवला. दुकानापुढची फरशी तिरपी बसवून घेतली. गिऱ्हाईक घसरलं तर घसरलं. सौंदडचा चुलतभाऊ उदाराम याच्याशी बांधावरून जुना अबोला होता. पण त्याचं घर तलावाच्या पाळीला लागून, चांगल्या उतारावर आहे हे ध्यानात येताच भाऊंनी मोठ्या मनानं सगळं विसरून टाकलं.

त्यांनी इलाज केला नाही असं मात्र कोणी म्हणू नये. गोंदियाचा मुन्नालाल हा गाड्यांच्या वायरिंगमधला नावाजलेला माणूस, निदान त्याच्या स्वतःच्या तोंडून तरी. तो बॉनेटवर नाडी बघितल्यासारखा हात ठेवी आणि निदान सांगे. "भैया, बैटरी बैठ गई." बॅटरी नवी आली. टक. "सेल्फ के कार्बन घिस गए." कार्बन नवे आले. टक. मग अख्खा सेल्फच, म्हणजे स्टार्टरच, नवा बसला. आता गाडीत जुना असा तो आवाजच काय तेवढा उरला. तेव्हा मुन्नालाल गंभीरपणे म्हणाला, "भैया, इस गाड़ी का स्वभाव ही ऐसा है." भाऊंना हे लगेच पटलं. गाडीही घरातलीच, तिला स्वभाव असणारच.

या व्यवस्थेत अडचण एकच होती. त्यांच्या बायकोचं, जमुनाबाईंचं, सगळं माहेर कामठ्याकडे, आणि तिथं जिकडे बघावं तिकडे धानाच्या तळहातासारख्या सपाट बांध्या. धाकटी बहीण मंदाबाई तिथंच दिलेली. तिच्या मुलीचं, रेणूचं, साक्षगंध म्हणजे साखरपुडा ठरला आणि जमुनाबाईंनी विषय काढला.

"मंदाच्या घरी जाचं हाये."

"तिच्याकडचं पाणी मले सोसत नाही."

"पाणी सोसत नाही का जमीन?"

भाऊंनी नवा कुर्ता काढला आणि एक तोडगाही काढला. कामठ्याला पोचल्यावर त्यांनी गाडी मांडवाच्या कडेला लावली आणि चालूच ठेवून खाली उतरले. साक्षगंध होईस्तोवर इंजिन तसंच चालू राहणार होतं. धूर मांडवात शिरू लागला, भटजी खोकत मंत्र म्हणू लागले. नवरदेवाच्या आईनं पदर नाकाला लावला. भाऊ पहिल्या ओळीत बसून प्रसन्न चेहऱ्यानं अक्षता सांभाळत होते.

मंदाबाईंचा नवरा गुलाबचंद माणूस मोठा अदबशीर. तो गाडीपाशी गेला, खिडकीतून हात घातला, किल्ली फिरवली आणि ती आणून भाऊंच्या हातात दिली.

"भाऊ, गाडी बंद कराची भुललेत जी तुमी."

भाऊंचा चेहरा एकदम उतरला. कामठ्यात तेवढाच एक उतार.

जेवणं झाली, निघायची वेळ झाली. किल्ली फिरवली. टक. धक्का मारायला माणसं धावली, पण अंगणात तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा थर, चाकं जागची हलेनात. होणारा जावई वीरेंद्र बाह्या सरसावून पुढे आला.

"अवो, नवरदेवाले धक्का माराले लावता का?" जमुनाबाई कडाडल्या. "शरम वाटू द्या थोडीशी!"

गुलाबचंदनं ट्रॅक्टर आणला, बॅटरीला बॅटरी जोडायच्या जाड वायरी आणल्या. लाल वायर कारच्या बॅटरीपर्यंत पोचली. काळी थोडी तोकडी पडली, म्हणून त्यानं तिचा चिमटा कारच्या इंजिनाच्या लोखंडालाच अडकवला. भाऊंनी किल्ली फिरवली आणि गाडी एका दमात सुरू झाली.

"पाहा!" भाऊ म्हणाले. "बॅटरीच बसली होती."

"ते तं नवी हाये ना?" जमुनाबाई म्हणाल्या. "मंग ट्रॅक्टरच्या बॅटरीनं होते ते आपल्या बॅटरीनं काऊन नाही होत? त्याच जागी आपल्या बॅटरीचं वायर लावून पाहा बरं."

"तुले काय समजते त्यातलं?"

"काहीच नाही समजत. म्हणून तं इचारून राहिली."

मेहुणीचा शब्द मोडवेना म्हणून गुलाबचंदनं गाडी बंद करून ट्रॅक्टर बाजूला काढला. त्याच काळ्या वायरचं एक टोक कारच्या बॅटरीच्या काळ्या टर्मिनलला जोडलं, दुसरं पुन्हा इंजिनाला. गाडी सुरू. वायर काढली, टक. लावली, सुरू. मांडवातली माणसं कडं करून बघत होती. नवरदेवाच्या आईनंही नाकावरचा पदर काढला होता.

मग गुलाबचंद बॉनेटमध्ये वाकला. बॅटरीची काळी वायर गाडीच्या पत्र्याला जोडलेली, आणि तिथून इंजिनापर्यंत एक चपटी विणलेली पट्टी. सेल्फमधून करंट इंजिनात जात होता, पण त्याला बॅटरीकडे परत यायला वाटच नीट नव्हती. पट्टीचा पत्र्यावरचा नट सैल केला तर खाली हिरवाकंच रंग, जाडजूड, करंट अडवून बसलेला.

भाऊंना तो रंग लगेच ओळखू आला. दुकानाच्या शटरला लावून उरला होता. पत्रा गंजू नये म्हणून एका रविवारी त्यांनीच पट्टी सोडली होती, खाली ब्रश फिरवला होता आणि रंगावरच ती परत आवळली होती. गाडीचा स्वभाव बिघडला तो त्याच सुमारास. गुलाबचंदनं सुरीनं रंग खरवडला, पत्रा चकचकीत केला, नट आवळला. ट्रॅक्टर नाही, जादा वायर नाही. किल्लीसरशी गाडी सुरू.

"मुन्नालालच्या ध्यानात याले पाहिजे होतं," भाऊ म्हणाले.

"रंग कोनं मारला?" जमुनाबाईंनी विचारलं.

"रंग चांगल्या जातीचा होता," भाऊ म्हणाले. "पाहा ना, अजून पोपडा नाही निघाला."

त्या दिवसापासून जागेश्वरभाऊंचे हाल सुरू झाले. जमुनाबाईंना सपाट अंगणाची इतकी माणसं आहेत हे भाऊंना माहीतच नव्हतं. मावशी, मामेबहिणी, बहिणीची नणंद. दर आठवड्याला कोणाकडे तरी जायचं. निघताना भाऊ किल्ली हळूच फिरवत, 'टक' होतं का म्हणून कान देत. गाडी मेली फटकन सुरू होई.

पहिली फेरी मंदाबाईंकडेच झाली. भाऊ टोमण्यांची तयारी करूनच गेले होते. उलट उत्तरंही वाटेत घोकून ठेवली होती. मंदाबाईंनी पाट मांडला, वाटीत तूप जरा जास्तच सोडलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, आणखी एक पोळी घ्या ना." टोमण्याऐवजी ताटात पोळीच पडली. भाऊ मान खाली घालून जेवत राहिले. पोळी चांगली होती. पाणीही सोसलं.