मफलरखालचे आठ दिवस

औरंगपुऱ्यात भर रस्त्यावर उभं राहून मी भुईमुगाची शेंग फोडली आणि तिचा आवाज आला. टच्च! आयला, शेंगेला आवाज असतो हे मी पार विसरलो होतो. दुसरी फोडली, तिसरी फोडली. कानाजवळ नेऊन चौथी फोडली. गाडीवाला बघत होता. शेवटी तो म्हणाला, "क्या चचा, खाने के हैं कि बजाने के?" मी एवढ्यांदा हसलो की बाजूची बाई पदर सावरून पुढं निघून गेली. माझं हसूसुद्धा मला ऐकू आलं. फाटकंतुटकंच आहे, पण आलं!

त्याच्या अर्ध्या तासाआधी मी कानाचं मशीन बसवून घेतलं होतं. दुकानातली पोरगी मोठी शांत. म्हणाली, "काका, आठ दिवस वापरून बघा. नाही जमलं तर परत आणून द्या." उजवा कान तर पार गेलेला, त्याचं काही होणार नव्हतं. डाव्यात थोडी धुगधुगी होती, त्याच्यामागं तिनं ते वालाच्या बीएवढं मशीन अडकवलं आणि बटण दाबलं. पहिल्यांदा काय ऐकलं असेल? तिच्या बांगडीचा टेबलाला लागलेला आवाज. माझे डोळे भरून आले, आणि मी उगाच खिशात रुमाल शोधत बसलो.

कान कसे गेले, ते सांगितलं पाहिजे. दोष दुसऱ्या कुणाचा नाही, माझ्या गुर्मीचा आहे. मी लासूर स्टेशनच्या बाजूचा, मेंढरं वळणाऱ्यांच्या घरातला. लहानपणी घुंगराच्या आवाजावरून सांगायचो, कुठली मेंढी कळप सोडून भरकटली. पुढं वाळूजला कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर लागलो, तर तिथंही तोच तोरा. डाय, म्हणजे पत्र्याचा साचा, नीट बसलीय का, पत्रा तिरका शिरलाय का, हे मी धाडधाड आवाजावरून ओळखायचो. साहेब कानात घालायला बोंडं द्यायचे, ती मी वरच्या खिशात ठेवायचो. कान बंद केले तर मशीन कळणार कसं? तीस वर्षं त्या खिशात बोंडं मजेत राहिली आणि कान मात्र गेले. आमच्या खात्यात असे निम्मे तरी होते.

तिथं बोलणं चालायचंच नाही, सगळा कारभार हातवाऱ्यांवर. गळ्यावरून आडवा हात फिरवला म्हणजे मशीन बंद. मूठ तोंडाकडं नेली म्हणजे चहा. मागून कुणी खांद्यावर थाप मारून ओरडला, तर मागं वळायचं नाही, कारण हात प्रेसजवळ असतात आणि नजर हलवायची नसते. फक्त कामातून मोकळा असलेला हात खांद्यावरून वर करायचा. म्हणजे, ऐकलं. ही सवय हाडात मुरलेली.

रिटायर झालो आणि तीच भाषा घरी आणली. बायकोला सगळे इशारे शिकवले. चहा, जेवण, पाणी आलं, लेकीचा फोन. बारा वर्षं रांजणगावच्या आमच्या दोन खोल्यांत हातानंच संसार चालला. लोकांना मी मोठ्या कौतुकानं सांगायचो, आमचं माणूस लई अबोल, कधी चकार शब्द नाही! लोक मान डोलवायचे. आता ते आठवलं की कान धरावेसे वाटतात.

तर त्या दिवशी मी क्रांती चौकातनं बस धरली. थंडीचे दिवस, डोक्याला मफलर, मशीन त्याच्या आत. मफलर घासला की कानात कडबा तोडल्यागत खसखस व्हायची, तरी मी खूष. बसची खिडकी खडखडते, किती गोड! मागच्या सीटवरची दोन पोरं मोबाइलवरनं भांडत होती, तेसुद्धा गोड. नगर नाक्यावर कुणीतरी शिंकलं तर मी वळून बघितलं. ठरवलं होतं, घरी जाऊन गुपचूप बसायचं आणि बायकोनं भांडं ठेवलं की म्हणायचं, हळू गं! कशी दचकेल, म्हणून मला आताच हसू फुटत होतं.

घरात शिरलो. ती ओट्यापाशी भाकरी थापत होती, पाठ माझ्याकडं. मी तिच्याकडं पाठ करून खुर्चीत पेपर घेऊन बसलो, रोजच्यासारखा. आणि तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "आलात? मला वाटलं आज नगर नाक्यालाच मुक्काम करता की काय."

ती कुणाशी बोलतेय, म्हणून घरात हळूच बघितलं. कुणीच नाही.

"आज पीठ बघा कसं मळलं जातंय," ती म्हणाली. "नव्या ज्वारीचं हाय. लोणी नुसतं. आन् ती जास्वंद, तिला कळी धरली. मी सकाळधरनं तीनदा बघून आले. तुम्ही म्हणाल, कळीला काय बघायचं? तर तसं नाय. सकाळी मिटलेली होती, दुपारी टोकाला लाल दिसायला लागलं. आता तुम्ही म्हणाल, मला का नाय दाखवलं? दाखवते ना, भाकरी होऊ द्या."

आणि थाप, थाप, थाप. भाकरीच्या थापेत तिचं बोलणं असं बसलेलं होतं की कळेना, कुठं थाप संपली आणि कुठं शब्द लागला. ही बाई माझ्याशी बोलत होती. माझ्या पाठीशी! आणि माझी उत्तरंसुद्धा तीच देत होती. बारा वर्षं रोज, त्या ओट्यापाशी.

हळू गं म्हणायचं राहूनच गेलं.

पुढचे तीन-चार दिवस मी मफलर काढला नाही. ती इशाऱ्यानं विचारायची, सर्दी? मी मान हलवायचो. दिवसभर काही ना काही निमित्त काढून तिच्याकडं पाठ करून बसायचो, आणि ती सुरू व्हायची. काय काय सांगायची! शेजारच्या मांजरीला पिल्लं झालीत, त्यातलं एक आंधळ्यागत भिंतीलाच धडकतं. दळणाच्या डब्यावर उन्हाचा कवडसा पडतो, तो बरोबर चहाच्या वेळेला सरकून कपापाशी येतो. ही गोष्ट तर मी बारा वर्षं त्याच खुर्चीत बसून बघितली नव्हती. दुसऱ्या दिवशी बघितली. खरंच आला की! कपाच्या दांडीवर येऊन बसला. मी लहान पोरासारखा हरखून गेलो, आणि सांगायला तोंड उघडून परत मिटलं.

कारण भीती होती. मला ऐकू येतं हे कळलं, तर ती असं बोलेल? तोंडासमोर ती बोलतच नव्हती. तोंडासमोर होते इशारे. हे बोलणं पाठीचं होतं, आणि माझं खरं सांगून झालं की ते बंद पडणार, याबद्दल मला शंका नव्हती. शिवाय तिच्या बोलण्यातला जो मी होतो, तो मोठा गोड माणूस होता. तो तिला म्हणायचा, दमलीस, बस जरा. तो म्हणायचा, उन्हात कशाला गेलीस. मी आयुष्यात यातलं कधी काही म्हणालो नव्हतो. खोटं कशाला बोलू, मला त्या माणसाचा हेवा वाटायचा.

पाचव्या दिवशी सकाळी ती लसूण सोलत होती. मी दारात पाठमोरा, रस्त्याकडं तोंड करून.

"काल शेजारणीकडं बसले होते," ती म्हणाली. "चौघी जणी होतो. बोलता बोलता त्या हसायलाच लागल्या. म्हणल्या, मावशी, तुम्ही आम्हाला बोलूच देत नाय, सवाल पण तुमचा आन् जबाब पण तुमचाच. मला लई लाज वाटली बघा. मग मी गप बसले तर गपच राहिले. कुठं थांबायचं तेच कळंना. एकटीनं बोलून बोलून सवयच मोडली. समोरून काही येत असतं, हेच विसरले मी." थोडा वेळ नुसती लसणाच्या सालीची कुरकुर. मग बारीक आवाजात, "एकदा नुसतं व्हय म्हणा ना हो. काय बी बोलू नका. व्हय म्हणा."

आणि माझा हात वर गेला.

खांद्यावरून, मागं न वळता. ऐकलं! मी नाही केला हो तो. तीस वर्षांच्या सवयीनं केला.

लसणाची कुरकुर थांबली. मी वळलो तर ती उभी होती, हातात सुरी. पुढं आली आणि तिनं माझा मफलर ओढून काढला. कानामागचं मशीन बघितलं. किती दिवस, असा हात केला. मी पाच बोटं दाखवली. खाली बघत.

मग ती तोंडानं बोलली, सरळ माझ्या तोंडावर. "चोरून ऐकलंत? माझं होतं ते."

एवढंच. त्यानंतर एक शब्द नाही. दोन दिवस भांडी तेवढी बोलत होती, आणि काय बोलत होती! पातेलं आपटलं की माझ्या कानात वीज चमकायची. चहाला मूठ, जेवणाला पंजा, बस. भाकरी थापताना नुसती थाप. मी तिच्याकडं पाठ करून बसून बघितलं, तोंड करून बसून बघितलं. माफी मागितली, ती ऐकल्यासारखं तिनं केलं नाही. ऐकू न येणारा माणूस घरात आता ती होती.

आठव्या दिवशी सकाळी मी मशीन काढून डबीत ठेवलं. चपला घातल्या. तिनं हातानं विचारलं, कुठं?

"परत देऊन येतो," मी म्हणालो. किती मोठ्यांदा म्हणालो देव जाणे. "मला नको हे. भांडी ऐकायला नव्हतं घेतलं मी. तू बोलत होतीस तेच बरं होतं, मला ऐकू येवो नाहीतर न येवो. मी पाठ करून बसत जाईन. तू बोल." माझा आवाज मला येत नव्हता.

मग तिनं माझ्या हातातली डबी घेतली, उघडली आणि मला दंडाला धरून खुर्चीत बसवलं. मशीन उलटं धरलं, सुलटं केलं, दोनदा कानाला टोचलं. तिची बोटं ओल्या कणकेची होती. हात कानाशी आला तशी मशीननं कुंईऽऽ केलं आणि ती घाबरून मागं सरली. पुन्हा पुढं आली. बसलं एकदाचं.

ती स्टूल ओढून समोर बसली. समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी. पदराचं टोक पिळत होती. पहिल्यांदा बघायला गेलो होतो तेव्हाही ती एवढी लाजली नव्हती.

मग म्हणाली, "आज बाजारात वांगी चांगली आली होती. काटेरी. देठाला पाणी होतं अजून."

आणि थांबली. पुढचं माझं वाक्य तिनं म्हटलं नाही. ओठ हलले, म्हणजे आलं होतं तोंडात, पण तिनं ते दाबलं आणि माझ्या तोंडाकडं बघत बसली.

प्रेसखाली बोट आलं असतं तरी एवढा घाबरलो नसतो. शहाणं, गोड असं काहीतरी बोलावं म्हणून धडपडलो, आणि नाहीच सुचलं.

"भरून करतेस?" मी म्हणालो. "मी कूट करून देतो."