लेकीच्या गाण्यातला जास्तीचा 'क'

मंडळी, सकाळपासून माझ्या लेकीच्या, मुक्ताच्या, नव्या गाण्याखालच्या कॉमेंट वाचत बसले होते. "गिटार घेऊन एकटी गायची तेव्हा आपली वाटायची." "फारच चकचकीत झालंय." "पॉपच्या नादात हैदराबाद विसरली." खरं सांगू? मलाही तसंच वाटत होतं.

दुपारी इथे हैदराबादेतच, बरकतपुऱ्यात ब्लाउज आणायला गेले. शिवणाऱ्या शाहीनबींच्या मोबाइलवर तेच गाणं चालू! मशीन चालवता चालवता त्या मोठ्यानं म्हणत होत्या, "नक्को रे, नक्को रे."

मी विचारलं, "मराठी आती क्या आपको?"

"मराठी कायकू? हमारीच दखनी बोली है ये. नक्को बोलरी ना बच्ची!"

"मेरी बेटी है वो."

त्यांनी मशीन थांबवली आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

याच शब्दावरून आमचं घरी वाजलं होतं. मी जन्मभर मराठी शिकवलं. किती वह्यांतला तो जास्तीचा 'क' लाल पेनानं खोडला असेल! मुक्तालाही म्हटलं, "नको लिही गं, पुण्याची माणसं हसतील." ती म्हणाली, "आई, चाल बदलेन, वाद्यं बदलेन. पण आपण घरी बोलतो तो शब्द नाही बदलणार."

पाहुण्यांसमोर दुरुस्त करून बोलता असा कोणता शब्द आहे तुमच्या घरी? सांगा बरं.

मी तर दुकानातूनच मुक्ताला मेसेज टाकला: "बदलू नक्को."

दोन्ही 'क' ठेवून.