चादरीतली बाहुली

करुणा सोनवणे शिरूरच्या एका मुलांच्या दवाखान्यात बावीस वर्षं नर्स होती. हात इतका सराईत, की दुसऱ्या कुणाला शीर सापडली नाही तर करुणाताईंनाच बोलवायचे. तिची पद्धत ठरलेली. आईला बाहेर काढायचं, पोर चादरीत घट्ट गुंडाळायचं, पायांवर गुडघा टेकायचा आणि "गप, काही दुखत नाही" म्हणत सुई घालायची. एका टोचणीत काम.

यंदा तिथली तरुण नर्स भाग्यश्री पुण्याला प्रशिक्षण घेऊन आली. दवाखान्यात शिरा दाखवणारा दिवा आला. त्यावर तळहात ठेवला की कातडीखालच्या शिरा काळ्या रेघांसारख्या दिसायच्या. जागा बधिर करणारं मलम आलं. भाग्यश्री पोराला आईच्या मांडीवर बसवायची आणि कुठल्या हाताला टोचू, ते त्यालाच विचारायची.

"मलम लावून तासभर थांबायचं?" करुणा सगळ्यांसमोर म्हणाली. "तेवढ्यात माझी चार पोरं होतात."

बाकीच्या हसल्या.

कवठे येमाईच्या पाच वर्षांच्या ईश्वरीला थॅलेसेमिया होता. दर महिन्याला रक्त चढवायला यावं लागायचं. श्रावणात ती आली तेव्हा भाग्यश्री रजेवर होती. दिवा कपाटात, किल्ली करुणाच्या खिशात. तिनं कपाट उघडलं नाही, चादर घेतली. त्या दिवशी शीर तीनदा हुकली. ईश्वरी रडली नाही, छताकडे बघत पडून राहिली.

"शहाणी झाली हो तुमची लेक," करुणा तिच्या आईला, साधनाला म्हणाली.

रक्ताची पिशवी निम्मी झाल्यावर साधना म्हणाली, "सिस्टर, ही घरी काय खेळती, ठावं हाय का? बाहुली टॉवेलात आवळती, तिच्यावर गुडघा देती आन् म्हंती, गप, काय दुखत न्हाई. मी इचारलं, तू कोण गं? तर म्हंती, मी करुणा सिस्टर."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. सिस्टरला गंमत वाटेल, असं तिला वाटलं होतं.

करुणा सामानाच्या खोलीत जाऊन उभी राहिली. कान तापले होते. आपल्या हाताखालून गेलेली पोरं घरी जाऊन काय खेळली असतील, हा विचार तिला कधी शिवलाही नव्हता. त्याहून जास्त लाज वाटली ती खिशातल्या किल्लीची. दिवा काढला नव्हता तो वेळ वाचवायला नव्हे. भाग्यश्रीपुढे माघार घ्यायची नव्हती, म्हणून.

भाग्यश्री रजेवरून आल्यावर करुणानं हे तिला सगळं सांगितलं, किल्लीसकट. मग म्हणाली, "मला शिकव."

"उद्यापासून या माझ्याबरोबर, ताई," एवढंच भाग्यश्री म्हणाली. करुणाला वाटलं, ही रागावली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या महिन्यात करुणाला बघताच ईश्वरी आईच्या पदराआड गेली. करुणा लांबच स्टुलावर बसली.

"बाळा, दुखतं ते. मी खोटं सांगत होते. चुकलं माझं."

साधना संकोचून म्हणाली, "अवो, तुम्ही कशाला..." आणि थांबली.

दिवाळीनंतर ईश्वरी करुणाच्या हातून मलम लावून घेऊ लागली. तिच्या हातात सुई दिसली की मात्र हात मागे घ्यायची. करुणानं कधी आग्रह केला नाही. ती दिवा धरायची आणि भाग्यश्री टोचायची.